मण्यारीची केस, तीन चिठ्ठ्यांत

कोल्हापूर

प्रिय सुनीता,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुली केअर प्लॅन (पेशंटच्या देखभालीचा आराखडा) सुरेख लिहितात आणि पेशंटजवळ गेल्या की गडबडतात, असं तू लिहिलंस. यात मुलींचा दोष नाही गं. केअर प्लॅनवर निदान आधीच लिहिलेलं असतं. वॉर्डात माहिती तुकड्यातुकड्यानं येते आणि पुढचा तुकडा हाती येण्याआधीच काहीतरी ठरवावं लागतं. सराव त्याचाच हवा.

चार-पाच जणींचा गट घे, अर्धा तास ठेव आणि एकच केस तीन चिठ्ठ्यांत वाट. गडहिंग्लजकडे उसाचा पट्टा आहे, म्हणून ही सुचवते.

पहिली चिठ्ठी, पहाटे ५ ची. २८ वर्षांचा ऊसतोड कामगार, पोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्यात. नाडी ९६, बीपी १३०/८०, श्वास १८, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९८. बहुतेक जणी ॲसिडिटी म्हणतील. लगेच चूक म्हणू नकोस. "आणखी काय असू शकेल? ते कळायला त्याला काय विचारशील?" एवढं विचार आणि मनात दहा आकडे होईपर्यंत गप्प राहा. आपण शिक्षिका इथेच घाई करतो, उत्तर देऊन टाकतो आणि त्यांचा विचार तिथंच थांबतो. "रात्री झोपला कुठे?" हा प्रश्न त्यांच्याकडून यायला हवा. खोपीत, जमिनीवर. मण्यार (विषारी साप) झोपेत चावते, फारसं दुखत नाही, खूणही बऱ्याचदा सापडत नाही. पहाटेची पोटदुखी हेच पहिलं लक्षण असू शकतं.

दुसरी चिठ्ठी, ६ ची. नातेवाईक म्हणतात, झोप झाली नाही म्हणून डोळे जड झालेत. "झोप आलीय" हा लावलेला अर्थ झाला. "दोन्ही पापण्या अर्ध्यावर, वर बघ म्हटलं तरी उचलत नाहीत" हे निरीक्षण. नोट्समध्ये निरीक्षणच हवं. खोल श्वास घेऊन एका दमात आकडे मोजायला सांगितलं, तर २२ पर्यंत गेला. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २ मिली ताजं रक्त घेतलं, २० मिनिटं न हलवता ठेवून एकदाच तिरकं केलं, तर ते गोठलेलं होतं. (नळी साबणानं धुतलेली असेल तर निकाल फसवतो, हेही सांग.) आता मुली म्हणतील, म्हणजे विष नाही! पण ही चाचणी घोणसासारख्या, रक्त गोठू न देणाऱ्या विषासाठी आहे. मण्यारीचं विष नसा आणि स्नायूंमधला दुवा तोडतं, रक्त गोठणारच. प्रत्येक रिपोर्टला त्यांना विचार, "यातून नेमकं काय नाकारलं गेलं?"

तिसरी चिठ्ठी, ६.४० ची. मोजणं ११ वर आलं, मान उशीवरून उचलत नाही, सॅच्युरेशन ९७. या ९७ नं मुली निर्धास्त होतात, आणि मला सगळ्यात काळजी याचीच वाटते. श्वासाचे स्नायू थकत असताना सॅच्युरेशन बराच वेळ टिकतं आणि मग झपाट्यानं कोसळतं. त्याआधी एका दमातलं मोजणं घसरतं, मान लुळी पडते, आवाज बारीक होतो. म्हणून श्वास पूर्ण ६० सेकंद मोजायचे, नाडी धरल्यासारखं करून, म्हणजे पेशंट जाणूनबुजून श्वास बदलत नाही. न मोजता शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा श्वासाचा २० हा आकडा उतरवून काढणं अजिबात चालवून घेऊ नकोस.

मग फोनवर काय सांगशील, ते मोठ्यानं बोलायला लाव: "डॉक्टर, बेड ७, मण्यारदंशाचा संशय. पापण्या उतरल्यात, एका दमातलं मोजणं ४० मिनिटांत २२ वरून ११ वर आलंय, मान उचलत नाही. सॅच्युरेशन ९७ असलं तरी श्वास थांबेल अशी भीती वाटते. लगेच या, इंट्युबेशनचा ट्रे लावते." (इंट्युबेशन म्हणजे श्वासनलिकेत नळी घालणं.) खरं तर हा फोन दुसऱ्या चिठ्ठीलाच व्हायला हवा, पापण्या उतरल्यावर एएसव्हीचा (सर्पविषावरच्या प्रतिविषाचा) निर्णय लांबवायचा नसतो. उशीर का झाला, हे त्यांनाच शोधू दे. एएसव्ही सुरू होण्याआधी रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रेनॅलिन भरून हाताशी ठेवायचं, हे कुणाला आठवतं तेही बघ.

नर्सिंगच्या अभ्यासक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये नर्स पेशंटबद्दल निर्णय कसा घेते याचे चार टप्पे मांडले: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती, मागे वळून पाहणं. शेवटचा आपल्याकडे वेळेअभावी गळतो. शेवटची पाच मिनिटं त्यासाठीच राखून ठेव. प्रत्येकीनं दोन ओळी लिहायच्या: माझा विचार कशानं बदलला, आणि काय दिसूनही सुटलं. गुण निदानाला देऊ नकोस, कारणांना दे.

चिठ्ठ्या सोबत पाठवतेय. तिसरी चिठ्ठी पाकिटात बंद ठेव, नाहीतर मुली आधीच वाचतात.

तुझी,
शैला