वादळाच्या इशाऱ्यावर तारीख हवी

महोदय,

हर्णै बंदरात मच्छिमारांच्या एका सहकारी संस्थेत मी २१ वर्षे हिशेब लिहिते. डिझेल, बर्फ, बोटवाल्यांची उचल, सगळे माझ्या वहीत असते. संस्थेचे फेसबुक पान आणि व्हॉट्सॲपही माझ्याकडेच. सभेची सूचना रात्री लिहून सकाळी सहाची वेळ लावून ठेवायची आणि ती किती जणांनी पाहिली ते दुपारी बघायचे, हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे पोस्ट आपोआप टाकणाऱ्या साधनांशी माझे वैर नाही. ती नसती तर मला एकटीला हे जमले नसते. तरीही गेल्या नोव्हेंबरात जे घडले ते आपल्या वाचकांपुढे यायला हवे.

सकाळी साडेसातला जिल्ह्यातल्या एका बातम्यांच्या पानावर पोस्ट आली : ‘अरबी समुद्रात चक्रीवादळ, मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये’. सोबत खवळलेल्या समुद्राचा फोटो. पंधरा मिनिटांत ती बंदरावरच्या सगळ्या ग्रुपवर फिरली. ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ आम्ही अंगावर घेतलेले आहे. झाडे, छपरे, विजेचे खांब सगळे आडवे झाले होते आणि पुढे कितीतरी दिवस ना वीज होती ना फोन. ते पाहिलेला माणूस वादळाचा शब्द वाचल्यावर खात्री करत बसत नाही. आदल्या रात्री बर्फ भरून तयार ठेवलेल्या नऊ बोटी तांडेलांनी, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखांनी, भरती होती तोवर आंजर्ले खाडीत नेल्या.

मी हवामान खात्याचा मच्छिमारांसाठीचा इशारा उघडून पाहिला. आपल्या किनाऱ्याला काहीच नव्हते. मग त्या पोस्टमधली मूळ बातमी उघडली. जाहिराती ओलांडत खाली गेले तेव्हा बारीक अक्षरांत तारीख दिसली. बातमी दोन वर्षांपूर्वीची होती. मी धावत किनाऱ्यावर गेले, पण तोवर ओहोटी लागली होती. खाडीचे तोंड गाळाने भरलेले, पाणी उतरले की बोट बाहेर निघत नाही. रात्रीच्या भरतीपर्यंत बोटी तिथेच अडकल्या, बर्फ विरघळला, दिवस गेला. ‘बर्फ वाया, बोटी ९’ ही नोंद मी माझ्या हाताने केली.

त्या पानाला फोन केला. तिथला मुलगा सरळ होता, त्याने काही लपवले नाही. ती पोस्ट कुणी टाकलीच नव्हती. त्यांच्याकडचे साधन जुन्या बातम्यांतून सर्वाधिक क्लिक मिळालेल्या निवडते आणि लोक जास्त ऑनलाइन असतात त्या वेळी पुन्हा टाकते. वादळाच्या बातम्यांना क्लिक नेहमीच जास्त, म्हणून त्याच रांगेत वर. त्याने पोस्ट लगेच काढली. पण ग्रुपवर गेलेल्या प्रती कुठे निघतात? व्हॉट्सॲपवर लिंकसोबत जो चौकोन दिसतो त्यात मथळा आणि फोटो येतो, तारीख येत नाही. आणि अर्ध्या लोकांनी तर स्क्रीनशॉट काढून पाठवला होता. त्यात उघडायला लिंकच नसते.

महिन्याभराने त्याच पानाचे जाहिरातींचे दरपत्रक आमच्या संस्थेत आले. सोबत पोहोचीचा आलेख होता. त्यात आमच्या वाया गेलेल्या दिवसाच्या आठवड्याचा खांब सगळ्यांत उंच. तो कागद हातात धरून मी किती वेळ बसले होते. फेसबुकची ‘पोहोच’ म्हणजे किती वेगवेगळ्या खात्यांच्या पडद्यावर पोस्ट एकदा तरी आली, एवढेच. वाचली का, खरी होती का, कालची होती की दोन वर्षांपूर्वीची, हे त्या आकड्यात कुठेच नसते. चूक पसरली तरी आकडा वाढतो, आणि वाढलेला आकडा बघून ते साधन तीच बातमी परत निवडायला मोकळे.

दुरुस्तीचे काय झाले तेही सांगते. मी व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीवर, खरे काय ते पाठवले. ब्रॉडकास्ट यादीत २५६ च नंबर बसतात, आणि ज्याने माझा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच निरोप जातो. खलाशांपैकी बरेच जण राहिले. त्यात नेपाळची मुले आहेत, त्यांना मराठी वाचता येत नाही. त्यांना मी समोर उभी राहून हिंदीत सांगितले. पानाचा खुलासा संध्याकाळी आला. चुकीची पोस्ट ज्यांनी पाहिली त्यांच्यातल्या किती जणांपर्यंत तो गेला, हे त्या पानावर कुणी मोजले नाही.

एक वयस्क तांडेल दुसऱ्या दिवशी म्हणाले, “ताई, आता खरा इशारा आला तरी पोरं म्हणतील, जुनाच असेल.” मला झोप लागली नाही ती या वाक्याने. बर्फाचे पैसे फिटतात.

यावर उपाय अवघड नाहीत. हवामानाच्या बातमीचा मथळाच तारखेने सुरू करावा, म्हणजे चौकोनातही ती दिसेल आणि स्क्रीनशॉटमध्येही. इशारा, बंद घाट, पूर अशा बातम्या आपोआप फिरणाऱ्या रांगेतून पहिल्याच दिवशी वगळाव्यात. इशारा संपला की मूळ बातमीचा मथळा बदलून ‘हा इशारा संपला आहे’ असे लिहावे, म्हणजे नंतर कुणी लिंक पाठवली तर नवा मथळा जाईल. आणि चुकीच्या पोस्टची पोहोच जाहिरातदाराला दाखवू नये. ही तर साधी हिशेबाची रीत आहे. चुकीची नोंद मी जमेत धरली तर लेखापरीक्षक मला उभे करील.

आपल्या दैनिकाचेही फेसबुक पान आहे आणि इथले लोक ते पाहतात. त्या पानावरच्या जुन्या बातम्यांची रांग कोण तपासते, ते कृपया छापून कळवावे. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. १ ऑगस्टला बोटी पुन्हा बाहेर पडतील, त्याआधी कळले तर मला बंदरावर सांगता येईल.

— संस्थेतील एक हिशेबनीस, हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये, ही विनंती.)