गस्त घालणाऱ्याला गल्ली माहीत हवी

महोदय,

कालच्या अंकात गस्तीच्या क्यूआर कोडचे कौतुक वाचले. गस्तीवरच्या पोलिसाने भिंतीवरचा कोड मोबाइलने स्कॅन करायचा, की तो तिथे येऊन गेल्याची नोंद होते. शहरात आणखी कोड लागणार, कोणता बीट मार्शल (दुचाकीवरून गस्त घालणारा पोलीस) किती वाजता कुठे होता हे वरिष्ठांना मोबाइलवर दिसणार, त्यामुळे रात्रगस्त चोख होणार, असे तुमच्या बातमीदाराने लिहिले आहे. मला वाचून संताप आला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, एटीएमच्या भिंतीवर, असा कोड दोन वर्षांपासून आहे.

मार्चमध्ये शेजारच्या काकूंचे घर फुटले. त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. कडीकोयंडा तोडून कपाट उचकटले. पाटल्या गेल्या, देवघरातली चांदीची भांडी गेली. सकाळी मीच 112 ला फोन केला. गाडी लगेच आली, पंचनामा झाला, सगळे नीट बोलले, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण तपासाला आलेले साहेब म्हणाले, रात्री गस्त झाली होती, एटीएमवरचा कोड दोनदा स्कॅन झालाय. त्या एटीएमपासून काकूंचे दार साठ पावलांवर आहे. मी स्वतः मोजली आहेत. गाडीवरचे दोघे रोज रात्री येतात, हे मी गॅलरीतून पाहते. मागचा उतरतो, मोबाइल धरतो, की गाडी पुढे. गल्लीत कोणी शिरत नाही. दोष मी त्यांना देत नाही. एक कोड राहिला तर त्यांना जाब द्यावा लागतो. गल्लीत पाच मिनिटे उभे राहिले तर त्याची नोंद कुठेच होत नाही.

खरी बोच वेगळीच आहे. चोरीच्या आधी तीन दिवस दोन अनोळखी मुले भंगार विचारत फिरत होती. काकू कधी परतणार, हेही त्यांनी मला विचारले. मला ते खटकले होते. पण सांगायचे कोणाला? नुसते खटकले म्हणून 112 ला फोन करायचा का, हे कळेना. आमचा भाग ज्याच्याकडे आहे त्या पोलिसाचे, म्हणजे बीट अंमलदाराचे, नाव गल्लीत एकालाही माहीत नव्हते. मी गप्प बसले, आणि काकूंच्या डोळ्याला डोळा द्यायची मला अजून लाज वाटते.

माझ्या लहानपणी याच गल्लीत एक हवालदार सायकल हातात धरून चालत येत. नोंदवही तेव्हाही होती. पिठाच्या गिरणीपाशी ते सही करत आणि मग आत वळत. मे महिन्यात गावाला जाणारे लोक कुलूप लावण्याआधी त्यांना सांगून जात. एकदा रंगाऱ्याची शिडी आमच्या मागच्या बोळात भिंतीला टेकलेली राहिली. रात्री अकराला त्यांनी कडी वाजवली, बाबांना उठवले आणि शिडी आत घ्यायला लावली. वर चांगले रागावलेसुद्धा. आमच्या घरात कधी चोरी झाली नाही, याचे श्रेय मी आजही त्यांना देते.

हे जुन्या आठवणींचे वेड नव्हे. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी पोळलेल्या भिवंडीत 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पोलीस आणि वस्तीतली माणसे एकत्र बसू लागली, एकमेकांना ओळखू लागली. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ओळखीने दंगल थांबते, तर घरफोडी का थांबू नये?

मनुष्यबळ कमी आहे, हे उत्तर मला पाठ आहे आणि ते खरेही आहे. गणपती, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे, सगळ्या बंदोबस्ताला तीच माणसे. 2016 मध्ये मुंबईचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी देवनार पोलीस ठाण्यापासून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू केला, तेव्हा मला फार बरे वाटले होते. बारा-चौदा तास उभे राहिलेल्या माणसाने रात्री दोनला गल्लीबोळ तपासावेत, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? म्हणून माझे मागणे लहान आहे. महिन्यातून एक संध्याकाळ बीट अंमलदाराने गल्लीत चालत यावे, नाव सांगावे, कोण एकटे राहते आणि कोणाचे घर बंद आहे ते विचारून घ्यावे.

आता थोडे तुमच्याविषयी. काकूंच्या चोरीची बातमी तुम्ही छापलीत, त्यात इमारतीचे नाव, मजला आणि ‘त्या घरात एकट्याच राहतात’ हे वाक्यही छापलेत. हे कोणाला कळायला हवे होते? मी तेव्हाच कार्यालयात फोन केला होता, ‘कळवतो’ म्हणाले, कोणी कळवले नाही. कृपा करून यापुढे असे छापू नका. त्या बातमीपासून काकू रात्री एकट्या राहायला धजत नाहीत. जेवण झाले की अंथरूण घेऊन मी त्यांच्याकडे जाते.

आपली,
एक सेवानिवृत्त शिक्षिका