टॅबचं काय करू?

प्रतापनगर, नागपूर
१२ एप्रिल

प्रिय अन्या,

"घेऊन टाक बे टॅब, किती विचार करशील!" म्हणालास आणि फोन ठेवलास. तुझं काय जातं पुण्यात बसून बोलायला? इथे घरात दोन पक्ष पडले आहेत. शरयू म्हणते टॅब घ्या. निनाद म्हणतो, "बाबा, टॅब म्हणजे नुसता मोठा फोन, त्यापेक्षा लॅपटॉप घ्या." दोघांच्या मध्ये मी.

आधी सध्याची माझी तऱ्हा ऐक. संध्याकाळी सातला दहावीची सात पोरं ऑनलाइन बसतात, काटोल-उमरेडकडची, शिकवणीला रोज येऊ न शकणारी. मी जेवणाच्या टेबलावर जाड पुस्तकांची चळत रचतो, वर फोन ठेवून कॅमेऱ्याचं टोक बाहेर काढतो आणि मागच्या टोकावर खलबत्त्यातला बत्ता ठेवतो. खाली वही. त्या वहीत गणित सोडवायचं, पोरांनी तिकडून बघायचं. माझ्याच हाताची सावली अक्षरांवर पडते. त्यात कूलर, तो बंद केला तर मी जगत नाही आणि चालू ठेवला तर पानं उडतात. परवा त्रिकोणमिती ऐन रंगात असताना बत्ता घरंगळला आणि फोन वहीवर पालथा. पलीकडून एक पोरगी म्हणते, "सर, लाइट गेली का?"

म्हणून टॅब. पडद्यावर पेननं लिहायचं, तोच पडदा पोरांना दाखवायचा, तास संपला की सगळी पानं पीडीएफ करून ग्रुपवर टाकायची. लॅपटॉपवर हे जमत नाही रे. टचपॅडवर बोटानं वर्गमूळाचं चिन्ह काढून बघ, बेडूक निघतो.

साडूचा टॅब दोन दिवस आणला होता. त्याला रबरी टोकाचं पेन होतं, ऑनलाइन घेतलेलं, दीडशे रुपयांचं. तिथेच फसलो. ते पेन म्हणजे नुसतं जाडं बोट. हात टेकला की पडद्याला तळहात आणि पेन यातला फरक कळत नाही, उत्तराच्या जागी रेघोट्या उमटतात. दोन तास हात अधांतरी धरून लिहिलं, खांदा भरून आला. मग बर्डीला जाऊन दुकानात खऱ्या पेनाचा टॅब हातात घेतला. तो टॅब पेन ओळखतो, तळहाताकडे बघतही नाही. दाब दिला की रेघ जाड होते. फक्त काचेवर टोक सटकतं, त्यावर खरखरीत फिल्म लावतात म्हणे. आयपॅडचं पेन मात्र वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि टॅबची किंमत सांगताना विक्रेत्यानं ते सांगितलंच नाही. मी विचारल्यावर बोलला. सॅमसंगच्या एस६ लाइटसोबत पेन डब्यातच येतं.

तुला 'आकाश' आठवतो का? २०११ साली सरकारनं आणलेला सात इंची, स्वस्तातला. मी एकदा हाताळला होता, पडदा नखानं दाबावा लागायचा. तेव्हापासून स्वस्त टॅबवर माझा विश्वास नाही. शरयू याला पूर्वग्रह म्हणते.

आता दुसरी बाजू. निनादचं सगळंच चूक नाही. प्रश्नपत्रिका करताना समीकरणं, आकृत्या आणि मराठी मजकूर एकाच पानावर जुळवायचा असतो. ते टॅबवर करणं म्हणजे चमच्यानं विहीर उपसणं. गुणांचा तक्ताही तसाच. काच फुटली तर दुरुस्तीवाला जो आकडा सांगतो, तो ऐकून नवाच घ्यावासा वाटतो. आणि ऊन! आयपॅडसाठी अ‍ॅपल सांगते की ० ते ३५ अंशांत वापरा. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५. कूलरच्या खोलीतसुद्धा ३५ च्या आत राहील याची हमी मी देत नाही. गाडीत विसरला तर संपलंच. चार्जिंगची धास्ती मात्र नाही. दिवसभर पुरतं आणि लाइट गेली तरी तास बुडत नाही, नेट तेवढं फोनवरून घ्यायचं.

आणि खरं सांगू? हा टॅब माझ्या हातात राहणार नाही. रात्री साडेनऊनंतर तो शरयूच्या मालिकांचा होणार, रविवारी भाचरांच्या गेमचा. सोमवारी सातला मी चार्जर शोधत फिरणार.

काल रात्री झोप लागेना तेव्हा तिसरंच सुचलं. तुझी मुक्ता कॉलेजात चित्रं काढायची तो पेन टॅबलेट, काळा, बिनपडद्याचा, कॉम्प्युटरला वायरनं जोडायचा. तो पडून आहे का रे? माझा जुना डेस्कटॉप अजून धडधाकट आहे. प्रश्नपत्रिका त्यावरच होतात, गणितंही त्यावरच लिहिता येतील. नवा घेतला तरी दोन-तीन हजारांत मिळतो. अडचण एकच, हात टेबलावर आणि नजर समोर पडद्यावर. मुक्ता म्हणायची की आठवडाभर डोकं फिरतं, मग सवय होते. माझ्या वयाला आठवड्याचा महिना धर.

तिला विचार आणि असेल तर मे महिन्यात येशील तेव्हा घेऊन ये. महिनाभर गिरवून बघतो, नाही जमलं तर जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत बर्डीवर जाऊ. तू सोबत असलास तर तो विक्रेता पेनाची किंमत आधी सांगेल. सकाळीच निघू, वाटेत तर्री पोहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिल्या

ता. क. बत्ता आता दोरीनं बांधतो.