अँजिओप्लास्टीचा हिशेबही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक हृदय दिनाच्या आपल्या पुरवणीत प्रा. आंद्रेआस ग्रुंत्झिग यांच्यावरची चौकट वाचली. अँजिओप्लास्टीच्या जनकाची आठवण करून दिलीत, याबद्दल आभार. झुरिचमधल्या घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी रक्तवाहिनीत नेऊन फुगवायचे बलून घडवले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी ३८ वर्षांच्या एका विमा विक्रेत्याच्या हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी छाती न उघडता मोकळी केली. पुढे अमेरिकेत एमरी विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९८५ मध्ये अवघ्या ४६व्या वर्षी विमान अपघातात गेले. हे सगळे चौकटीत आहे. त्यांच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र राहून गेला, म्हणून हे पत्र.

१९७९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांनी पहिल्या ५० रुग्णांचा हिशेब मांडला. ३२ जणांत यश आले. त्यांचा अडथळा सरासरी ८४ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर आला. उरलेल्या १८ जणांत जमले नाही. पाच जणांची प्रकृती एकदम बिघडल्याने तातडीने बायपास, म्हणजे छाती उघडून अडथळ्याला वळसा देणारी शस्त्रक्रिया, करावी लागली आणि तिघांच्या ईसीजीत हृदयविकाराच्या झटक्याच्या खुणा दिसल्या. बायपाससाठी येणाऱ्यांपैकी जेमतेम १० ते १५ टक्के रुग्णांनाच हा उपचार लागू पडेल, असेही त्यांनीच लिहिले. आणि शेवटी म्हटले की, शस्त्रक्रिया आणि औषधे यांच्याशी याची तुलना करणारी रीतसर चाचणी व्हायला हवी. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले. स्वतःच्या शोधाचे अपयश इतक्या स्वच्छपणे पुढे ठेवणारा संशोधक विरळा, हे मी खात्रीने सांगते. १९७८ पासून तर ते इतर डॉक्टरांना सभागृहात बसवून कॅथलॅबमधले, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीतले, काम पडद्यावर थेट दाखवत. काही बिघडले तर तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

त्यांनी मागितलेली तुलना पुढे खरोखरच झाली. २००७ सालच्या ‘करेज’ चाचणीत २,२८७ रुग्ण होते, २०२० च्या ‘इस्केमिया’ चाचणीत ५,१७९ आणि त्यांत भारतातलेही होते. ज्यांचा आजार स्थिर आहे, म्हणजे श्रम केल्यावर छातीत दुखते आणि थांबल्यावर जाते, अशा रुग्णांना औषधांच्या जोडीला सरसकट स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, टाकल्याने मृत्यूचे प्रमाण घटत नाही, असे दोन्हींत दिसले. स्टेंट निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. २०२३ च्या ‘ऑर्बिटा-२’ चाचणीत काही रुग्णांवर खरी अँजिओप्लास्टी झाली आणि काहींवर नुसता तसा देखावा केला गेला; खरी झालेल्यांचे छातीतले दुखणे स्पष्टपणे कमी झाले. झटका आल्यावर मात्र वेगळा नियम. तिथे मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो आणि वेळेत केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते. तेव्हा कोणी ‘विचार करून सांगतो’ म्हणू नये.

पुण्यातल्या कॅथलॅबबाहेर हा फरक नातेवाइकांना कोण सांगते? माझ्या यजमानांना पर्वती चढताना छातीत जड व्हायचे, पायरीवर टेकले की बरे वाटायचे. अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या पडद्यावर पाहण्याची तपासणी, सुरू असताना मला आत बोलावले. काचेपलीकडे ते टेबलावर, अलीकडे पडद्यावर ओढ्यासारखी वळत गेलेली काळी रेघ आणि मध्येच ती धाग्याएवढी बारीक झालेली. “नव्वद टक्के आहे. टेबलावर आहेत तोवर स्टेंट टाकून घेऊ. पाच मिनिटांत सांगा,” डॉक्टर म्हणाले. परिचारिकेने पॅड पुढे केले, त्यावर संमतीपत्र, पेन आधीच उघडलेले. तुमच्याकडे या उपचाराचे निकाल काय आहेत, असे मी विचारले. “सक्सेस रेट नव्याण्णव टक्के.” नव्याण्णव टक्के कशाचे? रक्तवाहिनी उघडण्याचे, की वर्षभरात पुन्हा भरती व्हावे न लागण्याचे? उत्तर मिळाले नाही. मी सही केली, स्टेंट बसला, यजमानांचे जडपण गेले. उपचाराबद्दल माझी तक्रार नाही. पण झटका नसताना ती पाच मिनिटांची घाई कशासाठी होती, हे मला आजही कळलेले नाही.

स्टेंटची किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधून दिली. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला तेव्हा २९,६०० रुपये. त्यामुळे किमतीबद्दल निदान भांडता तरी येते. निकालांबद्दल भांडायला हातात काही नाही. न्यूयॉर्क राज्यात कोणत्या रुग्णालयात अँजिओप्लास्टीनंतर किती रुग्ण दगावले, याचे आकडे रुग्णांच्या मूळ प्रकृतीचा विचार करून सरकार जाहीर करते. तसा विचार करणे आवश्यकच आहे, नाहीतर गंभीर रुग्ण घेणारे डॉक्टर विनाकारण बदनाम होतील आणि असे रुग्ण कोणी घेणारच नाही.

आपल्याकडे सुरुवात करणे अशक्य नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होते, म्हणजे तिची कागदपत्रे सरकारकडे पोहोचतात. रुग्णाचे नाव वगळून त्यांतून रुग्णालयनिहाय आकडे काढता येतील: झटक्यात किती केल्या, स्थिर आजारात किती, महिनाभरात दगावले किती. आपल्या वार्ताहराने आरोग्य विभागाकडे एवढी माहिती मागावी आणि मिळेल ती छापावी. आणि ‘गुंतागुंतीची अँजिओप्लास्टी यशस्वी’ अशी बातमी कोणत्याही रुग्णालयाकडून आली, तर ती लावण्याआधी त्यांना विचारावे की अशा एकूण किती केल्या आणि त्यांतल्या किती फसल्या.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
सदाशिव पेठ, पुणे