सेंटिनेल डोमवरच्या ‘खडूस’ काकांस अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

हे पत्र तुम्हाला खासगीत पाठवले असते, तर “त्यात काय मोठेसे” म्हणून तुम्ही विषय बदलला असता, हे मला ठाऊक आहे. म्हणून ते चारचौघांना वाचता येईल असे लिहीत आहे.

गेल्या सप्टेंबरात मित्राकडून नंबर मिळवून मी तुम्हाला पहिल्यांदा फोन केला, तेव्हा माझ्या डोक्यात एकच चित्र होते. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या टाफ्ट पॉइंट या कड्याच्या अगदी टोकावर मी गुडघा टेकून तिला मागणी घालीन आणि दूरवरून तुम्ही ते कॅमेऱ्यात टिपाल. २०१८ च्या ऑक्टोबरात तिथेच टिपलेले एका अनोळखी जोडप्याचे छायाचित्र जगभर फिरले होते, आणि छायाचित्रकार त्या दोघांना शोधत होता, ही हकिगत मला पाठ होती. तुम्ही सगळे शांतपणे ऐकून घेतलेत आणि मग एवढेच म्हणालात, की त्याच महिन्यात त्याच ठिकाणाहून सुमारे ८०० फूट खाली कोसळून एक तरुण भारतीय दांपत्य गेले. कठडा तिथे थोड्याशाच जागेला आहे, बाकी सगळी उघडी कडा. आणि अंगठी पाहून दचकलेला माणूस एक पाऊल मागे जातोच, असेही तुम्ही सांगितलेत. हा शेवटचा मुद्दा मला कधीच सुचला नसता. माझ्या हट्टाला तुम्ही त्या दिवशी दिलेला नकार ही तुमची पहिली मदत, आणि आज विचार करता तीच सर्वांत मोठी वाटते.

सेंटिनेल डोम तुम्ही सुचवलात. टाफ्ट पॉइंटला जाणारी पायवाट जिथून फुटते, तिथूनच दुसऱ्या बाजूला जेमतेम पावणेदोन किलोमीटर चालले, की ८,१२२ फुटांवरचा तो ग्रॅनाइटचा रुंद, उघडा माथा येतो. तिला अतिशय प्रिय असलेला हाफ डोम हा ग्रॅनाइटचा डोंगर टाफ्ट पॉइंटवरून दिसतच नाही, हे मला तोवर ठाऊकही नव्हते! इथे तो पूर्वेला समोर उभा असतो आणि मावळतीचे ऊन थेट त्याच्या अंगावर पडते. शिवाय तिथे संध्याकाळी ट्रायपॉड लावून बसलेल्या माणसाचा कोणालाच संशय येत नाही, कारण तसे दोन-चार जण रोजच असतात. ड्रोनचा माझा हौशी प्रस्ताव तर तुम्ही वाक्य पूर्ण होण्याआधीच मोडीत काढलात, कारण राष्ट्रीय उद्यानात ड्रोन उडवायला बंदी आहे.

मग तुमचा हाताने काढलेला नकाशा आला. माथ्यावर आडव्या पडलेल्या जेफ्री पाइनच्या खोडाशी तुम्ही बसणार होतात. प्रसिद्ध निसर्ग-छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९४० मध्ये ज्याचे छायाचित्र काढले, जो १९७६-७७ च्या दुष्काळात वाळला आणि २००३ मध्ये उन्मळून पडला, तोच हा वृक्ष, अशी टीप नकाशाच्या कोपऱ्यात होती. मागणी घालायला निघालेल्या माणसाला ती नक्की कशासाठी हवी, हे मला अजून कळलेले नाही, पण मी ती जपून ठेवली आहे. सूर्य तुमच्या पाठीशी आणि हाफ डोम आमच्या पाठीशी, अशी जागा तुम्ही फुलीने दाखवली होती. फोनच्या रेंजचा भरवसा नसल्याने मी मरून रंगाची टोपी काढली की तयार व्हायचे, ही खूणही तुमचीच.

प्रत्यक्षात घडले ते असे. माथ्यावर पोचताच ती थेट तुमच्याकडेच पाहून मला म्हणाली, “या काकांना सांगू या का फोटो काढायला? जरा खडूस दिसतात, पण विचारते.” माझ्या काळजाचा ठोका चुकला. तुम्ही मात्र मराठीचा गंधही नसल्याच्या चेहऱ्याने अस्सल अमेरिकी उच्चारांत “शुअर” म्हणालात, तिच्या फोनवर आमचे दोन फोटो काढलेत आणि पुन्हा आपल्या कॅमेऱ्याशी जाऊन बसलात. एवढा संयम मला साधला नसता.

पंधरा मिनिटांनी मी टोपी काढली आणि खाली बसलो. आपल्या कळसूबाईपेक्षाही ती जागा अडीच हजार फुटांहून अधिक उंच. चढून आल्यापासून मला धाप लागलेलीच होती. परिणामी मला भोवळ आली असे समजून तिने घाईघाईने पाण्याची बाटली पुढे केली. माझ्या आठवणीत हा क्षण उरलाच नव्हता. तो तुमच्या छायाचित्रांत आहे, कारण मी डबी उघडण्याची वाट न पाहता टोपी डोक्यावरून निघताच तुम्ही कॅमेरा सुरू केला होतात. पहिल्या चौकटीत काळजीने वाकलेली ती आणि बाटली. चौथ्या चौकटीत बाटली तशीच हातात, पण नजर डबीवर. सातव्या चौकटीत बाटली खडकावरून घरंगळते आहे आणि मागे हाफ डोम तांबूस झाला आहे. लांब पल्ल्याच्या लेन्समुळे तो अगदी आमच्या खांद्याशी आल्यासारखा दिसतो. अंगठी घालतानाचे छायाचित्र सर्वांना आवडले, पण आम्ही दोघांनी घरात लावायला बाटलीचेच निवडले आहे.

त्यानंतर तुम्ही जवळ येऊन शुद्ध मराठीत “खडूस काकांकडून अभिनंदन” म्हणालात, तेव्हाचा तिचा चेहरा टिपायला मात्र कोणी नव्हते, याची हळहळ वाटते.

आमच्या घरी आजवर मागणी वडीलधाऱ्यांनी घातली आणि होकार कांदेपोह्यांनंतर कळवला गेला. त्यामुळे छायाचित्रे पाहून आईचा पहिला प्रश्न होता, “दगडावर गुडघा टेकलास, पँट फाटली नाही ना?” दुसरा प्रश्न तुमच्याविषयी होता: ज्यांनी पाच तास गाडी चालवून जाऊन हे केले, त्यांना तू काय दिलेस? तुम्ही मानधन तर नाहीच, पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत, हे सांगितल्यावर तिने मला बरेच सुनावले. डिसेंबरात सांगलीला लग्न आहे. पत्रिका आई स्वतः तुमच्या नावाने पाठवते आहे, आणि त्या दिवशी तुमच्या हातात कॅमेरा दिसता कामा नये, अशी तिची सक्त ताकीद आहे.

‘खडूस’ या शब्दाबद्दलची क्षमायाचना वेगळ्या पत्राने येईल. ती लिहिणारी सध्या तिसरा कच्चा मसुदा फाडते आहे.

आपला कृतज्ञ,
मरून टोपीवाला