नाव माहीत नसलेल्या सगळ्यांना थँक्यू

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरात स्मार्टफोन एकच, तोही ह्यांच्यासोबत ड्युटीवर जायचा, मग ऑनलाइन क्लास कुठला नि काय! तेव्हा ज्यांनी सांभाळून घेतलं त्यांचे आभार मानायचे राहूनच गेलेत. जुलैपासून टीव्हीवर सह्याद्री चॅनेलला टिलीमिली नावाचं शिकवणीचं सत्र लागायचं, पहिली ते आठवीसाठी, घरातल्याच वस्तू घेऊन शिकायचं, आमची धाकटी चवळीचे दहा-दहाचे ढीग करून हातच्याची बेरीज त्यातच शिकली (आणि मग त्याच चवळीची उसळ, वाया काही नाही). ज्यांनी ते बनवलं त्यांना खरंच थँक्यू. अंगणवाडीच्या ताई मास्क लावून शिधा दारात ठेवायच्या, वर पोरांना लांबूनच एखादी गोष्ट सांगून जायच्या.

आणि हेल्पलाइनवरच्या त्या मॅडम. मोठा नुसता चिडचिड करायचा, जेवेना, झोपेना, मी फोनवर रडायलाच लागले तर म्हणाल्या, "ताई, अभ्यासाचं राहू दे आधी, झोपेची वेळ लावा आणि रोज थोडं बोलतं करा त्याला." बाकी सगळे सिलॅबसचंच विचारत होते हो! मॅडम, पोरगा आता कॉलेजला जातोय, जेवतोही भरपूर, तेवढं तुम्हाला कळवायचं होतं.