शिबिराला या म्हणता, पण कसं यायचं ते पण सांगा की

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या कोल्हापुरात रविवार आला की कुठं ना कुठं मोफत आरोग्य तपासणी शिबिर असतंच, कुणाचा वाढदिवस, कुठल्या मंडळाचा वर्धापनदिन, आणि चौकात हा एवढा फ्लेक्स, पण उपाशी यायचं का खाऊन यायचं ही एक ओळ त्यावर कधी दिसत नाही. आमच्या पेठेतल्या शिबिरात मी नावं लिहून घ्यायला बसतो म्हणून बोलतोय. ही ओळ घाला म्हटलं तर कार्यकर्ते म्हणाले जागा नाही, मग एक फोटो कमी करा म्हटलं तर सगळे गप्प.

मग होतंय काय, अर्धी माणसं मिसळ-पाव खाऊन वर चहा मारून येतात आणि त्यांची शुगर कागदावर फास्टिंग म्हणून लिहिली जाते, त्या आकड्याला अर्थ काय राहिला? आणि दुसरीकडं एखादे शुगरवाले आजोबा सकाळची गोळी घेऊन उपाशीच लायनीत उभे, अकरा वाजले तरी नंबर नाही, शुगर उतरून घाम फुटलेला. फास्टिंग म्हणजे किमान ८ तास काही खायचं नाही, बिनसाखरेचा चहापण नाही, साधं पाणी मात्र खुशाल प्यावं. कोलेस्टेरॉल उपाशीपोटी करायला सांगितलं असेल तर ९ ते १२ तास. एचबीए१सी ही शुगरचीच टेस्ट कधीही देता येते, ती मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगते. शुगरची गोळी, इन्सुलिन त्या दिवशी कधी घ्यायचं ते आधीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवायचं, आणि बीपीची गोळी उपाशी आहे म्हणून आपल्या मनानं चुकवायची नाही.

आता शनिवारची रात्र म्हटल्यावर आपल्याकडं तांबडा-पांढरा आलाच. पण मटणावर ताव मारला की सकाळी ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी आणि किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसू शकतं आणि मग किडनी गेली म्हणून घाबरायचं. तालमीतल्या पोरांचं वेगळंच, आदल्या दिवशी जोर-बैठका मारून आलं की लिव्हरच्या तपासणीतलं एसजीओटी वाढू शकतं, कारण ते नुसतं लिव्हरमध्ये नाही तर स्नायूंमध्येपण असतं. पोरगं दारूला शिवत नाही आणि घरात त्याच्याकडं संशयानं बघायला लागतात!

बीपीचं तर विचारूच नका. माणूस गाडी लावून धावत येतो, तोंडात तंबाखू, शर्टाच्या बाहीवरनंच पट्टा, तो शेजारच्याशी गप्पा मारतोय आणि इकडं मशीन चालू. खरं तर आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसायचं, हात छातीच्या पातळीला. एवढं केलं तर तो आकडा धरण्यासारखा, आणि तरीपण एकाच मापावर बीपी आहे असं सहसा ठरत नाही.

दुसरं म्हणजे ती पॅकेजं, अमुक रुपयांत ऐंशी टेस्ट. लॅबच्या बहुतेक नॉर्मल रेंज अशा काढलेल्या असतात की शंभर धडधाकट माणसांतली साधारण पाच त्याच्या बाहेर पडतातच, म्हणजे जितक्या टेस्ट जास्त तितकी एखादी लाल अक्षरात येणारच. काही ठिकाणी कॅन्सर मार्कर, म्हणजे कॅन्सरची खूण दाखवणारी रक्ताची टेस्ट, म्हणून सीए-१२५ घालतात, ते साध्या पाळीच्या दिवसांतपण वाढू शकतं. त्यापेक्षा जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन या, आई-वडिलांना शुगर, हार्टचं काही होतं का ते सांगा, मशेरी लावत असाल तर लाजू नका. आणि तीस वर्षांवरच्यांची बीपी, शुगर, तोंडाच्या कॅन्सरची, बायकांची स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे, आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रात कुठल्या दिवशी होते ते आशाताईंना विचारलं तर कळतं. ह्याचा फ्लेक्स कोण लावणार?

तर विनंती एवढीच, तुमच्या पेपरात शिबिराची बातमी छापताना आयोजकांकडनं तयारीच्या चार ओळी मागून घ्या. आणि रिपोर्ट कुठल्या दिवशी कोण डॉक्टर समोर बसून समजावून सांगणार तेपण छापा, नुसते व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकून मोकळे होतात. तेवढं ठरलेलं नसेल तर शिबिर पुढच्या रविवारी घेतलं तरी चालतंय.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर